निमखारेकाका

निगडी प्राधिकरणात संध्याकाळी फिरायला निघालं की निवृत्त क्वालिटीवाला हमखास भेटतो. ओळखायची खूण सोपी आहे. नवा पदपथ झाला की बाकीचे लोक 'बरा केला' तरी म्हणतात, नाहीतर 'पैसे खाल्ले' तरी. हा खाली वाकून दोन पेव्हर ब्लॉकमधली फट बोटाने मोजतो आणि मान हलवतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनीने शाल, श्रीफळ आणि घड्याळ देऊन याला घरी पाठवलेलं असतं, पण याच्यातलं इन्स्पेक्शन काही सुटत नाही. मग या जमातीतला कोणी ग्राफ पेपरवर आखून गच्चीत टोमॅटो लावतो, तर कोणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन सगळ्यांनाच रिजेक्ट करत सुटतो. आमच्या मजल्यावरच्या काकांनी मासे पाळले.

आडनाव त्यांचं वेगळंच आहे, पण निमखाऱ्या पाण्याबद्दल ते इतकं बोलतात की सोसायटीत त्यांचे निमखारेकाका झाले. काकू त्याच पाण्याला मचूळ म्हणतात.

सुरुवात गोल्डफिशपासून झाली. दुकानातल्या पोराने 'काका, फ्लॉवरहॉर्न घ्या, नाहीतर अरोवाना, वास्तूला चांगला' असं सुचवलं आणि काकांचं त्या दुकानाशी बिनसलं. वास्तूला चांगला म्हणजे किती चांगला, कुठल्या युनिटमध्ये, हे पोराला सांगता आलं नाही. त्यानंतर उरणच्या साडूंकडे गेले असताना ओहोटीच्या वेळी काकांनी खाडीच्या चिखलात निवटी पाहिली आणि तिथेच अडकले. मासा असून पाण्याबाहेर बसतो, डोळे कपाळावर, चिखलात उड्या मारतो, आणि मुख्य म्हणजे पापणी नसताना डोळे मिचकावतो. डोळा आख्खा खोबणीत ओढून घेतो आणि ओला करून पुन्हा वर काढतो. २०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या मिचकावण्यावर शोधनिबंध लिहिला आहे, हे काका दूधवाल्यालाही सांगतात.

पहिल्या खेपेला फसगत झाली. साडूंनी हौसेने दिली ती बाजारात रश्श्यासाठी मिळते ती मोठी निवटी. ती ओल्या चिखलावरचं शेवाळ डोकं डावी-उजवीकडे हलवत खरवडून खाते. काकांच्या धुतलेल्या, चाळलेल्या, वाळवलेल्या वाळूवर शेवाळ कुठून येणार? ती उपाशी राहायला लागली तेव्हा तिला परत घाट उतरवून खाडीत सोडलं आणि किडे-अळ्या खाणारी छोटी जात आणली. तेव्हापासून काकूंच्या फ्रीजरमध्ये सोललेल्या मटारांशेजारी गोठवलेल्या अळ्यांच्या वड्या असतात. डब्यावर काकांच्या अक्षरात 'मटार नव्हे' असं लिहिलेलं आहे. घरात एकदा काहीतरी झालं असणार. विचारायची माझी छाती नाही.

टाकी अर्धी पाण्याची आणि अर्धी चिखल-लाकडाची. निवटी ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेते, म्हणून वर झाकण लागतं आणि आतली हवा दमट लागते. सगळं सामान खाडीचं, फक्त खाडी नाही. निगडी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. नळाला येतं ते पवनेचं पाणी, रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेलं आणि सेक्टर २३ मध्ये शुद्ध केलेलं. त्यात चवीपुरतंही मीठ नाही. काका ते रात्रभर पिंपात ठेवून क्लोरीन उडवतात आणि मग तोलून मीठ घालतात. काकूंनी स्वयंपाकघरातलं मीठ देऊ केलं होतं. 'त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कोण घालणार?' असं विचारून काकांनी समुद्री मीठ मागवलं. त्याची किंमत काकूंना अजून सांगितलेली नाही. समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, काकांच्या टाकीत १५. अधिक-उणे अर्धा. त्याबाहेर गेलं की काकांना जेवण जात नाही.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आहे. तो शर्टाच्या खिशात असतो, पूर्वी तिथे मायक्रोमीटर असायचा. गेल्या वर्षी एका लग्नात पंगतीला बसल्यावर काकांनी मठ्ठ्याचा थेंब काचेवर ठेवला, खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "निवटीला चालेल. मला बीपी आहे." वाढप्याने घाबरून मॅनेजरला बोलावलं.

टाकीशेजारी भिंतीवर आलेख आहे. वरची लाल रेघ, खालची लाल रेघ, मधे रोजचे ठिपके. शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी, त्यात हा माणूस दर आठवड्याला टाकीचं पाणी बदलतो म्हणून सोसायटीच्या सभेत विषय निघाला. काकांनी आलेख सभेत आणला. अर्धा तास अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि ते पचवणारे जिवाणू ऐकल्यावर सभासदांनी पाण्याचा विषय मागे घेतला आणि चहा मागवला. टाकीतून काढलेलं खारट पाणी एकदा वॉचमनने भाबडेपणाने तगरीला घातलं होतं, तो विषय राहूनच गेला. तगरही राहिली नाही.

एक निवटी एकदा काचेवर चढून झाकणाच्या फटीतून निसटली. पोटाखालचे पर जुळून त्यांची चकती झालेली असते, ती काचेला चिकटते. निवटी न्हाणीघरात ओल्या फरशीवर सुखात सापडली, पण काकांनी चौकशी बसवली. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे पाच वेळा 'का?' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. निवटी बाहेर का पडली? फट होती म्हणून. फट का होती? झाकण सरकलं म्हणून. का सरकलं? पुसायला उचललं म्हणून. का पुसलं? चिखल उडाला होता म्हणून. दिवाणखान्यात चिखल का? इथे काकू म्हणाल्या, "पाचवं उत्तर मला माहितीये. आमच्या बाबांनी मुलाची नोकरी तेवढी पाहिली."

पण काकांची खरी गंमत भरती-ओहोटीत आहे. पंप लावून त्यांनी टाकीतलं पाणी वर-खाली होण्याची सोय केली. वेळ ठरवायला कोकणातला जुना हिशेब: तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. म्हणून बोरघाटाच्या वर, पठारावर राहणारा हा माणूस रोज सकाळी कालनिर्णय बघतो. कामाच्या मावशींनी एकदा विचारलं, "काका, आज काय हो?"

"सव्वाआठ."

"तिथी विचारली."

"मग एकादशी."

मी म्हटलं, काका, खाडीत पाऊस पडला की पाणी पार गोडं होतं, उन्हाळ्यात जवळजवळ समुद्राइतकं खारट. निवटी ते सगळं सोसते. तुमचा हा अर्धा ग्रॅम कशासाठी? काका म्हणाले, "बदलाला माझी ना नाही. पण वेळापत्रकाप्रमाणे व्हावा."

साडूंच्या मुलाच्या लग्नाला काका एकटेच उरणला गेले. टाकीमुळे काकूंना राहावं लागलं. जाताना काकांनी लॅमिनेट केलेलं सूचनापत्र दिलं, रजिस्टरमध्ये 'चार्ज दिला, चार्ज घेतला' सह्या झाल्या. मे महिना होता. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज मोजून गोडं पाणी घालायचं होतं. काकू पहिले दोन दिवस विसरल्या, तिसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा पिंपातलं पाणी बादलीने ओतलं. पंपही बंदच होता, आवाजाने मालिका ऐकू येत नाही म्हणून.

काका परतले, थेंब काचेवर ठेवला आणि खुर्चीत बसले. ठिपका खालच्या लाल रेघेच्याही खाली, सोफ्याच्या पाठीजवळ कुठेतरी पडला असता. आणि टाकीत नर निवटीने आयुष्यात पहिल्यांदा पाठीवरचा पर शिडासारखा उभारला होता आणि चिखलात उड्या मारत मादीला दाखवत होता. काकांनी इतके महिने मोजूनमापून जे घडवलं नव्हतं ते हे.

कारखान्यात माल मापात बसत नसला तरी चालण्यासारखा असेल तर डेव्हिएशन नोट काढून पास करतात. काकांनी रीतसर नोट काढली. क्षारता: मर्यादेबाहेर. परिणाम: समाधानकारक. निर्णय: स्वीकारावे. मंजुरीच्या रकान्यात काकूंची सही हवी होती. काकूंनी सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पुढच्या लग्नाला मी जाणार, टाकी तुम्ही सांभाळा. बादली मोरीत आहे.'