न खाल्लेल्या पेढ्यांचा कबुलीजबाब

मधुमेही माणसाला स्वतःच्या घरात निर्दोष असण्याचा हक्क नसतो. शुगर कमी आली तर श्रेय बायकोच्या मेथीदाण्यांचं, आणि वाढली तर ती तुम्ही खाल्लेली असते. कुठे आणि कोणाच्या बारशात, एवढंच शोधायचं बाकी राहतं. माझं पूर्वचरित्र पाहता या कायद्याला अन्यायकारक म्हणायची माझी छाती होत नाही. गणपतीत सोसायटीच्या प्रसादवाटपाला मी न बोलावता हजर असतो आणि आरती संपायच्या आत हजर असतो, हे इमारतीतलं शेंबडं पोरही सांगेल.

तर माझा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. मधुमेह्यांचे खांदे इतरांपेक्षा जास्त आखडतात, त्यामुळे माझ्या हातामागेही साखरेचाच हात होता. घरात या आजाराचं स्वागत झालं. हिने बेसनलाडवांचा डबा कुलुपातून काढून स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आणि किल्लीची कटकट मिटवली.

हाडांच्या डॉक्टरांकडे काउंटरवरच्या मुलीने भर गर्दीत खणखणीत आवाजात विचारलं, "काका, डायबेटिस?" वेटिंगमधल्या सगळ्या माना वळल्या. मी म्हणालो, "किंचित." फॉर्मवर 'आहे' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते, किंचितला जागा नव्हती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून सोयीचा चौकोन निवडला. डॉक्टरांनी सांध्यात एक इंजेक्शन दिलं आणि थोड्याच दिवसांत माझा हात असा सुटला, की मी घरभर पंखे पुसत फिरलो. त्या भरात वरची फळीही पुसली. हिने ते पाहिलं.

त्याच संध्याकाळी मशिनवर आकडा आला 312.

हिने आधी लाडू मोजले. ते पुरे भरले. पण योगायोगाने पोलीस खात्यातून निवृत्त झालेले माझे मेव्हणे मुक्कामाला होते. ते म्हणाले, "ताई, लाडू शाबूत आहेत याचा अर्थ एवढाच, की माल बाहेरून आला." मग ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "दाजी, घरचाच मामला आहे. मोकळे व्हा."

मी खरोखर काही खाल्लं नव्हतं. पण हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा खोटं बोललो होतो, की खरं बोलताना ते माझ्याच कानाला पटेना. शिवाय सकाळी उपाशीपोटी शुगर चांगली 128 आणि दुपारनंतर भलतीच, असा प्रकार रोज चालला होता. मेव्हण्यांनी यातून वेळ काढली: "गुन्हा सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान घडतो." त्या वेळात मी मारुतीला जातो. शेवटी माझा धीर सुटला.

"एक पेढा खाल्ला," मी म्हणालो.

"एका पेढ्याने तीनशे होत नाही."

"दोन."

मेव्हणे गप्प. हिचा चेहरा आकड्यावर. चार पेढ्यांवर सौदा तुटला. ओघात मी कुठल्याशा मुंजीतली जिलबी आणि शेजारच्यांच्या घरचा सुधारसही सांगून टाकला. तेवढाच भाग खरा होता.

शिक्षा म्हणून कारल्याचा रस आणि अर्धी भाकरी सुरू झाली. शुगर हलेना. मग हिने मला आमच्या शुगरच्या डॉक्टरांपुढे उभं केलं. त्यांनी विचारलं, "मध्ये काही नवीन औषध?" मी ठामपणे नाही म्हणालो; औषध म्हणजे पोटात जातं ते, खांद्यात जातं ते कसलं औषध! ही म्हणाली, "इंजेक्शन तेवढं घेतलं खांद्यात." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

ते स्टेरॉइड होतं. सांध्यात दिलं तरी ते थोडंफार रक्तात उतरतं. मग यकृत जास्त साखर सोडू लागतं, आणि स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. काही दिवस, कधी आठवडाभरही शुगर चढलेली राहते. स्टेरॉइडच्या गोळ्या सकाळी घेणाऱ्यांचंही असंच होतं. उपाशीपोटीचा आकडा सज्जन दिसतो आणि चढण लागते ती दुपारनंतर. ज्या स्टेरॉइडच्या संशोधनासाठी हेंच, केंडल आणि राइखस्टाइन या तिघांना 1950 साली नोबेल मिळालं, त्याच्यापायी मला कारल्याचा रस मिळाला.

मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. पण डॉक्टर आता माझी औषधांची पिशवी उपडी करत होते. रक्तदाबासाठीची लघवीची गोळी शुगर जराशी वाढवू शकते. कोलेस्टेरॉलचीही किंचित वाढवते, पण तिचा फायदा मोठा, म्हणून मनाने बंद करायची नाही. खोकल्याचं औषध तर पाकातच केलेलं. पूर्वी तर गॅटिफ्लॉक्सॅसिन नावाचं एक प्रतिजैविक शुगर कधी वर नेई, कधी खाली आपटे. 2011 साली भारतात त्याच्या गोळ्या-इंजेक्शनांवर बंदी आली. एवढे संशयित घरात असताना मेव्हण्यांनी एकट्या मला धरलं होतं!

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस तात्पुरता वाढवला आणि आकडे उतरू लागले की लगेच फोन करायला सांगितलं. आकडे उतरले. मला वाटलं, वाढीव गोळी म्हणजे खात्यात शिल्लक. ती लाडवापोटी वळती करू. फोन राहिला. या गोळीचं कूळच मुळी दुष्परिणामातून निघालेलं. 1942 साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात विषमज्वराच्या रुग्णांना सल्फाचं नवं औषध देताना डॉ. जाँबाँ यांना त्यांची शुगर घसरताना दिसली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा नाहीतर नसा. आणि एका रात्री मी मेव्हण्यांवर रुसून जेवलोच नाही.

आधी घाम फुटला, मग हात थरथरले, मग मी सगळ्यांवर खेकसलो. खेकसण्यावरून कोणालाच शंका आली नाही. घामावरून आली, आणि ते बरं झालं. रक्तदाबाच्या काही गोळ्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात, घाम तेवढा राहतो. मशिनने 58 दाखवलं. मी क्षीण आवाजात म्हणालो, "लाडू." एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मागणीला वैद्यकीय पाठिंबा होता. ही म्हणाली, "तुपामुळे त्याला वेळ लागतो," आणि ग्लुकोजचं पाणी पाजलं. पंधरा ग्रॅम, मग पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. व्होग्लिबोज ही शुगरची गोळी घेणाऱ्याला तर साध्या साखरेचाही लवकर उपयोग होत नाही, ग्लुकोजच लागतं, ही माहितीही तिने मला त्याच अवस्थेत दिली.

आता माझ्या खिशात हिच्या अक्षरातली औषधांची यादी असते. वर ठळक लिहिलंय: 'डायबेटिस आहे. भरपूर.' दाताच्या डॉक्टरांपासून चष्मेवाल्यापर्यंत सगळ्यांना ती वाचून दाखवावी लागते.

पेढ्यांच्या खटल्यातून माझी सन्मानाने सुटका झाली. मेव्हण्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. जिलबी आणि सुधारस यांचा जबाब मात्र मी कोणाच्याही दबावाखाली दिलेला नव्हता, असं त्यांचं मत पडलं, आणि कारल्याचा रस त्या कलमाखाली पुढे चालू आहे.