काच की कागद?

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि डेंड्रोबियमचं एक रोप मिळालं. शाल काकूंनी कपाटात टाकली, नारळाच्या वड्या झाल्या आणि रोपासाठी काकांनी गच्चीवर हरितगृह बांधायला घेतलं. आठ बाय सहा फूट. अँगलचा सांगाडा महिन्याभरात उभा राहिला. त्यावर घालायचं काय, हे अजून ठरतंय. यंदा चौथं वर्ष.

सुरुवात अर्थातच काचेपासून. १८५१ साली पॅक्स्टननं लंडनला अख्खा काचमहाल उभा केला, बंगळुरूच्या लालबागेत १८८९ साली काचघराचा पाया घातला गेला; मग धायरीच्या गच्चीनं काय घोडं मारलंय? पण चार मिलिमीटरची काच चौरस मीटरला दहा किलो भरते. "नुसतं छप्परच पंचेचाळीस किलोंचं होतंय रे," काका मला कौतुकानं म्हणाले. खालचा फ्लॅट माझा असल्यानं मी वळवाच्या गारांचा विषय काढला आणि काच बारगळली.

फायबरच्या पत्र्यावर ते फार रेंगाळले नाहीत. तो पुढं बिडीवाल्याच्या दातांसारखा पिवळा पडतो म्हणे.

मग पॉलिकार्बोनेट आलं आणि आमचे हाल सुरू झाले. दुहेरी शीटचा विताएवढा तुकडा काका सदऱ्याच्या खिशात बाळगतात. परवा एका लग्नात, अक्षता पडायच्या आत, त्यांनी तो मुलाच्या मामांच्या डोळ्यांसमोर झुंबराकडे धरला. "ही यूव्हीची बाजू. ही सूर्याकडेच हवी. उलटी बसवलीत की गेली कामातून! आणि आतल्या नळ्या उताराच्या दिशेनं, म्हणजे वाफेचं पाणी साचत नाही." मामांनी निमूटपणे दोन्ही बाजू चाचपल्या. शीट उन्हात फुगते म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडावं लागतं, हे ज्याला त्यांनी सहा वेळा समजावलं तो फॅब्रिकेटर हल्ली काका दिसले की बंद फोन कानाला लावतो.

काकूंचा भाचा मावळात गुलाब पिकवतो. तो सहज म्हणाला, "काका, दोनशे मायक्रॉनचा कागद टाका आणि मोकळे व्हा. आम्ही तीन-चार वर्षांनी बदलतो." पॉलिहाउसवाले प्लास्टिकच्या फिल्मला कागद म्हणतात. काकांना तो शब्दच लागला. "दर तीन-चार वर्षांनी बदलायचा? ही काय चप्पल आहे?" पहिल्याच महिन्यात घातला असता तर तो एव्हाना बदलायला आला असता, हे बोलायची हिंमत कुणाला झाली नाही.

विलायती पुस्तकं वाचून काकांनी ऊब आत कशी कोंडायची याचा कसून अभ्यास केलाय. "अहो, एप्रिलात तिथं मोदक उकडायचेत का?" एवढंच काकू विचारतात. पुण्याच्या उन्हात ऊब बाहेर काढायची सोय आधी लागते, वर शेडनेटही लागतं. पण ते प्रकरण काकांच्या वहीत अजून आलेलं नाही.

मधल्या काळात काकूंनी रोप त्या उघड्या सांगाड्याला टांगलं आणि वर जुनी सुती साडी बांधली. गेल्या आठवड्यात त्याला जांभळ्या फुलांचा तुरा आला. आम्ही सगळे बघायला वर गेलो. काका फुलांकडे पाठ करून स्टुलावर उभे होते आणि व्हर्निअर लावून साडीची जाडी मोजत होते.