कलरकाका

गांधीचमनच्या चौकात सकाळी साडेसातला चहाच्या टपरीवर दुसऱ्याच्या हातातला पेपर ओढून जो माणूस आधी खेळाचं पान बाजूला काढतो, तो कलरकाका. खरं नाव रेशनकार्डावर आहे. जुन्या जालन्यात ते कुणाला लागत नाही.

काका 'कलर होल्डर' आहेत. म्हणजे विद्यापीठाच्या कबड्डी संघातून पश्चिम विभाग खेळून आलेले. नव्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं, आणि ते समजावण्याचा काकांना कंटाळा नाही. कॉलेजनं आधी आपल्या झोनमध्ये खेळायचं, जिंकलं तर इंटरझोनलला जायचं, तिथून निवडलेल्या पोरांचा कॅम्प लागायचा, आणि मग विद्यापीठाचा संघ गुजरात-राजस्थानच्या पोरांशी भिडायला रेल्वेनं निघायचा. एवढ्या चाळण्यांतून जो खाली पडला नाही, त्याला ब्लेझर. काकांचा ब्लेझर लोखंडी कपाटात डांबरगोळ्यांच्या संगतीत असतो आणि लग्नाला, पंधरा ऑगस्टला व बँकेत कर्ज मागायला जाताना बाहेर निघतो. गुंडी आणि काज यांच्यात आता वीतभर अंतर पडलंय. ती फाळणी काकांनी मान्य केली आहे. न मान्य केलेली फाळणी 1994 सालची.

त्या वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. नांदेड, परभणी, लातूर तिकडं गेले. औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद इकडं राहिले. 1958 पासून सगळा मराठवाडा एका विद्यापीठात, म्हणजे काकांच्या भाषेत एका ड्रॉमध्ये होता. 1994 च्याच जानेवारीत या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं होतं. एकदा एका उपटसुंभाला वाटलं, काकांचं दुखणं तेच असावं. काका कडाडले, "नाव द्यायलाच पायजे होतं, उलट लई उशीर केला! मी नावाबद्दल बोलत न्हाई. मी ड्रॉबद्दल बोलतोय."

काकांचं म्हणणं एवढंच, की वाटणी करताना इमारती मोजल्या असतील, कर्मचारी मोजले असतील, पण दुष्मन कुणाच्या वाट्याला गेला हे कुणी पाहिलं नाही. काकांचा दुष्मन परभणीचा. तिथल्या कॉलेजचा उजवीकडून चढाई करणारा एक उंच पोरगा. एका इंटरझोनलला शेवटच्या मिनिटात काकांनी डाव्या कोपऱ्यातून त्याचा घोटा धरला. पकड पक्की होती. पण पंचानं काकांनाच बाद दिलं. म्हणे स्पर्श व्हायच्या आधी काकांचा पाय लॉबीत पडला होता. झटापट सुरू झाल्यावर लॉबी मैदानात धरतात, आधी पाय पडला तर गेलात. आधी की नंतर? या प्रश्नावर काकांचं उर्वरित आयुष्य उभं आहे. कॉलेज सुटल्यावरही ते दर हंगामात बिनपगारी मॅनेजर होऊन पोरांना घेऊन जायचे, कारण एकच: परभणीला हरवायचं. एकदाही जमलं नाही. आणि मग एक दिवस परभणी ड्रॉमधूनच गायब झाली.

"आता दोन्ही विद्यापीठं पश्चिम विभागात समोरासमोर येऊ शकतात की," मी म्हणालो.

"ते विद्यापीठाचं भांडण झालं, सरकारी. त्यात आमचं कॉलेज कुठाय?"

मग बशीतला चहा बोटानं ओढत काका टेबलावर मराठवाडा काढतात. रोज काढतात, टपरीवाला रोज पुसतो. मधोमध कुंडलिका, इकडं जुना जालना, तिकडं नवा. (नव्या जालन्याला काका परदेश समजतात, पण तो विषय निराळा.) रेल्वेरूळ म्हणून एक काडीपेटीची काडी. "हे परतूर. 1981 ला जालना जिल्हा झाला तव्हा परभणीतून आपल्यात आलं. हुशार लोक! तेरा वर्षं आधीच येऊन बसले. आन् हे सेलू. ते तिथंच ऱ्हायलं, मंग गेलं नांदेडला." एकाच पॅसेंजरनं निघालेली दोन पोरं, एक परतूरला चढलं, एक सेलूला. दोघांची झोप एक, शेंगा एक, विद्यापीठं दोन.

मग बोट वर सरकतं. देऊळगाव राजा. जालन्याहून उठलं की हाकेवर, पण जिल्हा बुलडाणा. तिथलं पोरगं आधी नागपूरकडून खेळायचं, 1983 पासून अमरावतीकडून. बाप सोयाबीन जालन्याच्या मोंढ्यात आणतो, आजीचे दात जालन्यात बसवतो, पोरगं मात्र कप घेऊन जाणार अमरावतीला. चहाचा शेवटचा ओघळ खाली उस्मानाबादपर्यंत नेऊन काका थांबतात, कारण तिथं त्यांना दरवेळी भरून येतं. लातूर जिल्हा 1982 ला उस्मानाबादेतूनच निघाला. निघालेला लातूर नांदेडात गेला आणि ज्यातून निघाला ते उस्मानाबाद, आताचं धाराशिव, शेजारी असूनही दूरच्या औरंगाबादकडं राहिलं. "कामून? सांगा ना, कामून?"

मला सांगता आलं नाही. पण त्यांचं मन रमवावं म्हणून मी अमेरिकेतली गोष्ट काढली. तिकडं कॉलेजांच्या खेळांचे संघ गटागटानं बांधलेले असतात. पॅसिफिक किनाऱ्याकडचा 'पॅक-12' नावाचा गट, मुळं 1915 पर्यंत मागे जाणारी. टीव्हीच्या पैशासाठी बारातली दहा विद्यापीठं 2024 पर्यंत निघून गेली. उरली दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, मांडव उठल्यावर खुर्च्या मोजत बसलेल्या मामांसारखी. ज्या 'बिग टेन'मध्ये त्यातले चार गेले, त्यात आता अठरा संघ आहेत. आणि पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड गेलं कुठं, तर 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या गटात.

काकांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे त्यांच्याकडंबी उस्मानाबाद हाय!"

त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशानं चहा पाजला. अशी नोंद माझ्या माहितीत दुसरी नाही. मात्र तिकडं वाटणी पैशासाठी झाली हे ऐकून ते जरा हिरमुसले. आपल्याकडं पैसा कुठं होता? आमच्या वेळी टीए-डीएचे पैसे मिळेपर्यंत पुढचा हंगाम यायचा, आणि हातात यायची ती रक्कम केळ्यांत संपायची.

मी एकदा हिंमत करून दुसरी बाजू मांडली. नांदेडच्या पोराला एका सहीसाठी रात्रभर गाडीत बसून औरंगाबाद गाठावं लागायचं, ते वाचलं. शिवाय एका संघाचे दोन झाले, म्हणजे दुप्पट पोरांना विद्यापीठाकडून खेळायला मिळालं. काकांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी ब्लेझरला हात पुसले.

"दुप्पट ब्लेझर," ते म्हणाले. "तेच तर सांगतोय. भाव पडला."

दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन उरकून काका ब्लेझर घालूनच टपरीवर येतात आणि मोबाइल टेबलावर उलटा ठेवतात. त्यांना कुणाच्या फोनची वाट नसते, असं ते सांगतात. या वर्षी साडेनऊ झाले, दहा झाले. काकांनी दोनदा मोबाइल सुलटा करून रेंज आहे का पाहिली. टपरीवाल्यालाही पाहायला लावली. तिसरा चहा थंड झाला. खेळाचं पान तसंच घडीत राहिलं.

सव्वादहाला फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका मोठा, की चौकात ऐकू यावा. "मुक्तीच्या शुभेच्छा, जालनेकर! तुमच्यापासून सुटल्याला एवढी वर्षं झाली!"

"उशीर कामून केला बे?"

"गुडघ्याच्या डॉक्टरकडं गेलतो. बोल, कसाय?"

"ते ऱ्हाऊ दे. पाय आधी पडला का नंतर?"

"आधी."

"नंतर!"

"आधी, लेका, आधी! मी वर होतो, मला दिसत होतं."

"तू खाली होता! मी घोटा धरला होता तुझा!"

काका उठून उभे राहिले, डावा पाय मागं टाकून कोपरा धरला आणि एका हातानं टपरीचा बाक घोट्यासारखा पकडला. बाकावर बसलेला मी चहासकट उचलला गेलो. टपरीवाल्यानं कपांची मोजणी केली आणि सहा चहाचे पैसे माझ्याकडं मागितले.