चारशे ग्रॅमची गोष्ट

पुण्यात रोड बाइकची फ्रेम निवडणं म्हणजे स्थळ बघणंच. कार्बन देखणं, हलकं. पण एकदा आपटलं की आतला तडा बाहेरून दिसेलच असं नाही. टायटॅनियम गंजत नाही, फक्त किंमत घरी सांगता येत नाही. अ‍ॅल्युमिनियम परवडतं, म्हणूनच बहुधा 'फार हादरे देतं' अशी त्याची बदनामी. वास्तविक हादऱ्यांचा मोठा हिशेब टायरची रुंदी आणि त्यातली हवा ठरवते. २५ ऐवजी ३२ मिलिमीटरचा टायर घाला, हवा थोडी कमी ठेवा, तक्रार बरीचशी मिटते. पण टायरवर बोलून ग्रुपमध्ये वजन पडत नाही! स्टीलबद्दल सगळे आदराने बोलतात; घेत मात्र कोणी नाही.

आंतरराष्ट्रीय शर्यतींत सायकल ६.८ किलोच्या खाली चालत नाही. आमच्या मंडळींना तीही जड वाटते. चारशे ग्रॅम वाचवायला लाखभर रुपये मोजतात, रविवारी सिंहगडाचा घाट धापा टाकत चढतात आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, दोन प्लेट कांदाभजी आणि मटक्यातलं दही. दह्यावर साखर वेगळी मागून.