अंबाडी ०.१०.०

प्रोग्राम लिहायला मला दोन रात्री लागल्या, त्याचं बारसं मात्र पंधरा दिवस चाललं. काम साधंच. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं हेक्टर-आरमध्ये आणि आमच्या अंबाडी नाक्यावर जमीन बोलली जाते गुंठ्यात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. चाळीस आर म्हणजे एक एकर, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात पाचेकशे चौरस फूट कमी भरतात. भिवंडी-वाडा रस्त्याला गोदामं आल्यापासून तेवढ्यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. हा हिशेब करणारा प्रोग्राम ओपन सोर्स म्हणून जगाला अर्पण करायचं मी ठरवलं. जगाने मागितला नव्हता.

नावाची मला भारी धास्ती. फायरफॉक्सचं पहिलं नाव फिनिक्स. ते दुसऱ्याच्या ट्रेडमार्कपायी गेलं. मग फायरबर्ड ठेवलं, तर त्या नावाच्या डेटाबेसवाल्यांनी हरकत घेतली. २००४ मध्ये तिसरं नाव लागलं. म्हटलं, आपण गावाचंच नाव घ्यावं, कोण दावा सांगतोय?

"अंबाडी," मी बायकोला सांगितलं.

"भाजी?" ती म्हणाली.

तिचं खरं निघालं. इंटरनेटवर शोधलं की कण्या घातलेली, वरून लसणाची फोडणी दिलेली अंबाडी पानोपानी. माझा प्रोग्राम त्यात देठासारखा निवडून टाकलेला.

मग नंबर. टॉम प्रेस्टन-वर्नर यांची सिमँटिक व्हर्जनिंगची पद्धत घेतली. टिंबांनी जोडलेले तीन आकडे: पहिला वाढला तर जुनं मोडलं समजा, दुसरा वाढला तर नवी सोय, तिसरा वाढला तर नुसती डागडुजी. पहिला शून्य असेपर्यंत कशाचीच हमी नाही, ही अट मला इतकी भावली की तो शून्य मी हलवलाच नाही. डोनल्ड नूथ यांच्या 'टेक्'चा नंबर दर आवृत्तीला 'पाय'च्या एकेक अंकाने लांबतो, २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. माझा ०.९.० नंतर ०.१०.० झाला. चढता क्रम आहे हो! टिंब दशांशाचं नाही. हे मी आजवर निदान तीस जणांना सांगितलंय.

हौस म्हणून छापल्या जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर नाव आणि नंबर टाकला. नाक्यावरचा झेरॉक्सवाला सातबाऱ्याला ती चिठ्ठी टाचून द्यायला लागला आणि एका दुपारी भर पावसात एक आजोबा दोन चिठ्ठ्या घेऊन दारात उभे राहिले.

"मागच्या महिन्यात अंबाडीत माझी नऊ आर लावली. आता दहा. माझी चाळीस आहे!"

सातबाऱ्यावर त्यांचं क्षेत्र होतं ०.४०.००. माझ्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात अंबाडी ०.१०.०. शून्य हेक्टर, दहा आर.

"बाबा, हे क्षेत्र नाही. ही आवृत्ती आहे."

"कोणाची?"

"प्रोग्रामची."

"मग त्याची जमीन माझ्या कागदावर कशाला चढवली?"

आतून सासरे आले. निवृत्त तलाठी. त्यांनी आजोबांना चहा दिला, चिठ्ठ्या उलटसुलट पाहिल्या. "जावईबापू, नऊचं दहा झालं ते कशाने? नमुना सहाला नोंद कुठाय?"

नमुना सहा म्हणजे फेरफार. कोणाचं नाव का चढलं, का उतरलं, याची क्रमवार नोंद. उतरलेल्या नावालाही नुसता कंस होतो, ते खोडून टाकत नाहीत. प्रेस्टन-वर्नरही तेच सांगतात: एकदा बाहेर पडलेल्या आवृत्तीला हात लावायचा नाही. मी कबूल केलं की ०.९.० मधली एक चूक आठवड्याने गुपचूप तिथेच सुधारली होती, नंबर तोच ठेवून.

मामांनी चष्मा काढला. "आमच्याकडे याला निलंबन होतं."

"मग मी उबुंटूसारखं करतो," मी घाईने म्हणालो. "त्यांची पहिली आवृत्ती २००४ च्या ऑक्टोबरची, म्हणून ४.१०. आता जुलै २०२४, म्हणजे आपली २४.०७."

मामांनी चष्मा परत चढवला आणि पेन्सिल घेतली.

"चोवीस हेक्टर सात आर. म्हणजे साडेएकोणसाठ एकर. कोरडवाहूलासुद्धा सीलिंग ५४ चं आहे, जावईबापू. वरची सरकारजमा होईल."