श्री. दोरीताणे यांनी रुजू न होण्याबाबत

प्रति,
श्री. दोरीताणे
(खिडकीच्या पडद्याची साखळी ताणून धरणारे),
सध्या मुक्काम: टेबलाचा खालचा खण, न फोडलेली प्लास्टिकची पिशवी,
सुरगाणा, जि. नाशिक.

विषय: नेमणूक होऊनही भिंतीवर रुजू न झाल्याबाबत.
संदर्भ: खिडकीशेजारी पेन्सिलीने केलेल्या दोन फुल्या.

महोदय,

पत्र उघडं लिहितो आहे. बंद पाकिटातून पाठवलं असतं, तर आवक नोंदवहीत चढून ते तुमच्याच खणात येऊन पडलं असतं आणि तुम्ही दोघं एकमेकांना सोबत करत बसला असता.

तुम्हाला ओळखणारी माणसं या तालुक्यात फार नाहीत, तेव्हा चार शब्द तुमच्या ओळखीचे. तुम्ही अंगठ्याएवढे. पोटात एक चाक, चाकामागे स्प्रिंग, पाठीला स्क्रूसाठी दोन भोकं. रोलर पडदा वरखाली करणारी मण्यांची साखळी म्हणजे एक बंद वेढा. तो तुमच्या चाकाखालून घ्यायचा, तुम्हाला खाली ओढायचं आणि भिंतीवर पक्कं करायचं. मग साखळी भिंतीलगत ताठ उभी राहते, पोराचं डोकं आत जाईल एवढी जागा तिच्यात उरत नाही. संपलं काम. त्याला वीज लागत नाही, तेल लागत नाही, यशदात जाऊन प्रशिक्षणही घ्यावं लागत नाही.

घराणं तुमचं जुनं. तुमचे पणजोबा पितळेचे होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलायतेतल्या पडद्यांना सुती दोरीचा वेढा असे आणि खिडकीच्या चौकटीवर एक दातेरी पितळी पट्टी. तिच्यावर सरकणारं चाक एकेक दात खाली दाबलं की दोरी ताठ. वापराने दोरी सैल पडली की आणखी एक दात. मग १८६४ साली अमेरिकेत स्टुअर्ट हार्टशॉर्न नावाच्या गृहस्थाने स्प्रिंगच्या रोलरचं पेटंट घेतलं. पडदा खाली ओढा, हलका झटका द्या, तो आपला आपण वर जातो. दोरीच गेली, तिथे दोरी ताणणाऱ्याला कोण विचारतो? तुमच्या घराण्यावर वाईट दिवस आले. (या हार्टशॉर्नने पुढे न्यू जर्सीत शॉर्ट हिल्स नावाचं गाव वसवलं. पडद्यांच्या पैशांतून गाव! आमच्याकडे गावाच्या पैशांतून पडदे येतात.)

तुम्हाला पुन्हा बोलावणं आलं ते लहान मुलांमुळे, आणि एवढा परिच्छेद मी चेष्टा बाजूला ठेवून लिहितो. स्वस्त पडदे घरोघरी झाले, दोऱ्या आणि साखळ्या पुन्हा लोंबायला लागल्या आणि रांगणारी, धरून उभी राहणारी मुलं त्यांत अडकायला लागली. मान वेढ्यात जाते, पाय घसरतो, आणि ओरडताही येत नसल्यामुळे शेजारच्या खोलीतल्या आईला काही कळत नाही. अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग सांगतो की तिथे दरवर्षी सरासरी नऊ मुलं, पाच वर्षांची आणि त्याहून लहान, अशी जातात. तिथल्या पडदेवाल्यांनी १९९६ मध्ये पहिलं सुरक्षा मानक केलं. डिसेंबर २००९ मध्ये पाच कोटींहून अधिक पडदे दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा झाली. कॅनडाने २०१९ मध्ये टेप लावून नियम लिहिला: हाताला लागणारी मोकळी दोरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नको, वेढा ४४ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. आणि अमेरिकेच्या मानकात तुमच्याविषयी एक फार मजेदार अट आली. तुम्ही भिंतीवर ठोकलेले नसाल, तर पडदा धड चालताच कामा नये.

म्हणजे कर्मचारी जागेवर नसेल तर कार्यालयच उघडणार नाही! ही तरतूद सुरगाणा तालुक्याला लावली, तर सोमवारी सकाळी काय काय उघडेल याचा हिशोब मी करत बसलो होतो. जाऊ द्या.

आता मूळ मुद्दा. आमच्या गावातल्या एका कार्यालयात (कोणत्या, ते लिहीत नाही, दोन-चार कार्यालयांना ते आपलंच वाटेल) नूतनीकरण झालं आणि खिडक्यांना पडदे आले. करड्या रंगाचे, छान आहेत. फिटर आला, पडदे टांगले, तुमच्यासाठी भिंतीवर पेन्सिलीने फुल्या केल्या, आणि ड्रिल मशीन हातात घेतलं तेव्हा वीज गेली. ती आली तेव्हा तो गेलेला होता. पिशवी कुणीतरी खणात टाकली. तुमची नेमणूक झाली, आदेश निघाला, रुजू अहवाल तेवढा आला नाही.

‘ऑफिसात कुठली आली लहान मुलं?’ असं मला तिथे ऐकवण्यात आलं. ऐकवणाऱ्याची पाठ बाकाकडे होती. जून महिन्यात त्या बाकावर बसून पाहावं. दाखल्यासाठी उंबरठाणहून, बाऱ्ह्याहून, सकाळच्या जीपने आलेल्या बाया तिथे बसतात. एक पोर कडेवर, एक पदराला धरून. सर्व्हर कधी चालू, कधी बंद. तीन-चार तास सहज जातात. पदर सोडलेलं पोर मग काय करणार? खोलीत त्याच्या उंचीची, हलणारी, खुळखुळणारी एकच वस्तू आहे, आणि ती बाकाच्या वर खिडकीशी लोंबते. मण्यांची साखळी. माळेसारखी गळ्यात घालून बघावीशी वाटणारच.

तुमच्या गैरहजेरीचं नवल मला वाटत नाही, हेही सांगून टाकतो. हा आदिवासी तालुका. इथे नेमणूक झाली की पहिला फोन बदलीसाठी जातो. शासनाने ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयाने अशा भागातल्यांना एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरचा पगार, दिली. मुख्यालयी राहा म्हणून परिपत्रकांवर परिपत्रकं काढली. तरी नाशिकहून अपडाऊन चालूच. सगळ्यांना एका दोरीत ओवत नाही. भर पावसात चिखल तुडवत पाड्यावर लस पोचवणाऱ्या परिचारिका आणि आशाताई याच तालुक्यात आहेत. पण ज्या खुर्च्या रिकाम्या आहेत त्या रिकाम्या आहेत, आणि त्यांचा कार्यभार शेजारच्या खुर्चीकडे ‘अतिरिक्त’ म्हणून दिलेला आहे. तुमचाही दिलेला आहे. तुमचा कार्यभार सध्या सुतळीकडे आहे. कुणा शिपायाने कंटाळून साखळी सुतळीने ग्रिलच्या गजाला बांधून टाकली. दुपारी ऊन आलं की ती सोडतात, पडदा खाली घेतात आणि पुन्हा बांधायला विसरतात. सुतळीला ना एकस्तर, ना घरभाडे भत्ता.

तुम्ही खणात का राहिलात, याचं कारण मी शोधून काढलं आहे. पडद्याचं बिल चौरस फुटावर निघतं. तुमचं क्षेत्रफळ किती? पडदा टांगला की चौरस फूट पूर्ण होतात, मोजमाप पुस्तकात आकडा चढतो, कंत्राटदार मोकळा. तुम्ही बसलात काय, न बसलात काय, बिलाच्या एका पैशाला धक्का लागत नाही. ज्या वस्तूने बिल वाढत नाही आणि जिच्यावाचून बिल अडत नाही, ती वस्तू सरकारी इमारतीत भिंतीपर्यंत पोचलेली मी अजून पाहिलेली नाही. पडदा तपासणीच्या दिवशी साहेबांना दिसतो. तुम्ही बसलेले असलात तरी दिसणार नाही, दिसण्यासारखं त्यात काही घडतच नाही.

मी म्हटलं, स्क्रूड्रायव्हर माझा, दोन स्क्रू पिशवीत आहेत, दहा मिनिटांचं काम. तर उत्तर मिळालं की शासकीय मालमत्तेला खाजगी इसमाने भोक पाडता येत नाही. रीतसर करायचं तर आधी अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निधी. शिवाय भिंत अजून दोषदायित्व कालावधीत आहे. भोक पडलं तर दोष कुणाचा? प्रश्न बिनतोड होता. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत घातला आणि घरी आलो.

महोदय, तुमच्याच जातीचं काम करणारा एक जण मात्र या तालुक्यात कधीच रुजू झालेला आहे. पाड्यावरचा हापसा. त्याच्या डोक्याचं झाकण उघडून पाहा. दांड्याच्या आतल्या टोकाला साखळी आहे, साखळीला खाली बोअरमध्ये सोडलेल्या सळ्या, आणि त्या सळ्यांच्या वजनाने साखळी कायम ताठ. स्प्रिंग नाही की काही नाही. ही युक्ती आपल्याच मुलखातली: जालना आणि सोलापूरच्या मिशनऱ्यांनी घडवलेल्या पंपांतून ती पुढे आली, सोलापूरच्या पंपावरून युनिसेफच्या पुढाकाराने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला, १९७० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासच्या कारखान्यातून बाहेर पडू लागला आणि देशभर गेला. त्याला ना मुख्यालयाची अट घालावी लागली ना बायोमेट्रिकची. बाया दांडा मारतात, तो पाणी देतो. मार्च-एप्रिलपर्यंत देतो. पुढे भूजल खाली जातं. साखळी ताठच असते, वर नुसती हवा येते. मग त्याच बाया हंडा आणि दोर घेऊन विहिरीवर. पावसाळ्यात छत्री उलटी करणारा पाऊस पडतो त्या तालुक्यात हे चालतं.

इथलं पाणी मात्र बदलीसाठी अगदी तयार ठेवलेलं आहे. नार आणि पार या आमच्या नद्या. एका योजनेप्रमाणे त्यांची बदली गिरणा खोऱ्यात, दुसरीप्रमाणे पार-तापी-नर्मदा मार्गे गुजरातेत. दुसरीला इथल्या आदिवासींनी विरोध केला. पाण्याच्या बदलीचे आदेश निघतात, नकाशे निघतात, कोटींचे आकडे निघतात. माणसं या तालुक्यात यायला तयार नाहीत आणि पाणी इथून न्यायला सगळे तयार. २०२२ च्या शेवटी तर सीमेवरची काही गावंच म्हणाली, तुम्हाला इथे रुजू व्हायचं नसेल तर आम्हीच गुजरातेत रुजू होतो. तेव्हा मात्र चार दिवस सगळे जागेवर होते.

सबब आपणास या पत्राद्वारे कळविण्यात येते की, शाळाप्रवेशाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण पेन्सिलीच्या फुल्यांवर हजर व्हावे. फुल्या अजून दिसतात. पुढच्या रंगकामात त्या जातील आणि मग आपली जागाच मंजूर नव्हती असं निघेल. हजर न झाल्यास कारणे दाखवावीत. ‘निधीअभावी’ हे कारण स्वीकारले जाणार नाही, दोन्ही स्क्रू आपल्याच पिशवीत आहेत.

आपला,
बाकावरचा एक अर्जदार, सुरगाणा

प्रत माहितीस व आवश्यक त्या कार्यवाहीस:
१. सुतळी, ग्रिलचा डावीकडून तिसरा गज. अतिरिक्त कार्यभार पुढील आदेशापर्यंत आपल्याकडेच राहील. उंदरांपासून सांभाळावे.
२. कंत्राटदार. आपले बिल निघाले असल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही.
३. बाकावर बसणाऱ्या सर्व आया. पोराला खिडकीच्या बाजूला बसवू नये. साखळी सुटलेली दिसली तर कुणालाही न विचारता गजाला दोन वेढे देऊन बांधावी; त्याला प्रशासकीय मान्यता लागत नाही.
४. निवड नस्ती.