सहव्याधीबाईंना अनावृत पत्र

श्रीमती सहव्याधीबाई यांस,
स.न.वि.वि.

तुमची-माझी ओळख मार्च २०२० मधली. त्याआधी सात वर्षं मला नुसती ‘शुगर’ होती. सकाळची गोळी, बिनसाखरेचा चहा आणि लग्नाच्या पंगतीत बायकोची नजर चुकवून एक गुलाबजाम, असा आमचा सुखाचा संसार. ९ मार्चला पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि बघता बघता तुम्ही घरोघर पोचलात. ‘को-मॉर्बिडिटी’ हे तुमचं माहेरचं नाव आमच्या वॉचमनलाही बिनचूक उच्चारता येऊ लागलं.

रोज संध्याकाळी आकडे यायचे. गेलेले इतके, त्यातल्या इतक्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. या एका वाक्यावर तुम्ही किती धडधाकट माणसांना शांत झोपवलंत! आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका गेले, तेव्हा जिन्यात मास्कआडून पहिला प्रश्न आला तो ‘त्यांना काय होतं?’ हा.
‘शुगर होती.’
‘अच्छा, अच्छा.’
त्या दोन ‘अच्छां’मधला सुटकेचा निःश्वास मी चार पायऱ्या खाली, दुधाची पिशवी हातात धरून ऐकला. काका गणपतीत पेटी वाजवायचे, मुलांना फुकट गणित शिकवायचे. ते सगळं पुसून तुम्ही त्यांच्या नावापुढे एक शब्द ठेवलात. जणू मरणाचं अर्धं काम त्यांनी स्वतःच आधी उरकून ठेवलं होतं. मग कुणाला तरी मी दिसलो. ‘तुम्ही जपा हं,’ असं म्हणत सगळे एकेक पायरी वर सरकले.

जपलो की! इतका जपलो की भीतीने जेवण निम्मं केलं, गोळी मात्र पूर्ण घेत राहिलो. एका रात्री तीनला घामाने निथळत उठलो. छाती धडधडतेय, हात थरथरतायत. म्हटलं, आलाच. फ्रिजच्या उजेडात बोटाला ऑक्सिमीटर लावला: ९७. थर्मामीटर: ताप नाही. मग मागच्या खोलीतून बायकोचा आवाज, ‘अहो, शुगर बघा आधी!’ सॅनिटायझरने सोललेल्या अनामिकेला सुई टोचली. ५८. कोरोना नव्हता, साखर उतरली होती. ओट्याशी उभा राहून पाण्यात तीन चमचे साखर ढवळून प्यायलो आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं म्हणून घड्याळाकडे बघत तिथेच बसलो. इतकी गोड भीती तुमच्याशिवाय कोण देणार?

त्यानंतर धास्तीने उलटं झालं. सकाळची साखर १७०च्या खाली येईना. डॉक्टर फोनवर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका. टेन्शनने यकृत जास्तीची साखर रक्तात सोडतं.’ म्हणजे साखरेचं टेन्शन, टेन्शनची साखर. त्यावर उतारा चालण्याचा, तर बाग बंद आणि गच्चीला सेक्रेटरींचं कुलूप. वहिनी रोज काढा पाठवायच्या, भरपूर गूळ घालून. ‘गुळाने काही होत नाही,’ हे त्या फोनवर इतक्या मायेने सांगायच्या की ‘होतं’ म्हणायची माझी छाती झाली नाही.

पण तुमचा खरा उपकार पुढेच. १ मार्च २०२१ पासून पंचेचाळीस ते एकोणसाठ वयाच्या सहव्याधीवाल्यांना लस. मी एक्कावन्न वर्षांचा. वर्षभर सगळ्या सोसायटीने ज्या मानाने मला वागवलं, तो मान घेऊन डॉक्टरांकडे प्रमाणपत्राला गेलो. त्यांनी वीस आजारांची यादी काढली. मधुमेह होता, पण दहा वर्षांहून जुना हवा, नाहीतर गुंतागुंत झालेला. आणि जोडीला औषध चालू असलेला रक्तदाब. माझ्या शुगरला आठच वर्षं. रक्तदाब १२४/८०. ‘तुमचं नाही बसत,’ डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनाच हसू आलं.

बाई, जिन्यात मी तुमचा, संध्याकाळच्या आकड्यांत तुमचा, वहिनींच्या काढ्यात तुमचा. फक्त लसीच्या रांगेत तुम्ही मला ओळख दाखवली नाहीत. १ एप्रिलला पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांनाच लस खुली झाली आणि मी निव्वळ वयाच्या जोरावर दंड पुढे केला.

आपला,
(तेव्हा) दोन वर्षांनी कमी पडलेला

ता.क. आता दहा वर्षं उलटली आहेत. रक्तदाबाची गोळीही सुरू झाली आहे. यादीत बसतो. कळवावं म्हटलं.